फोटोवर पट्टी लावून काय साधणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने एक मसुदा प्रसिद्ध केला. संगणकाने घडवलेल्या किंवा बदललेल्या दृश्यांवर तसे सांगणारी ठळक खूण असावी आणि तिने चित्राचा किमान १० टक्के भाग व्यापावा, असा त्याचा आशय होता. रोख अर्थातच डीपफेकवर होता. पण याच न्यायाने पुढे जाऊन, जाहिरातींत आणि समाजमाध्यमांवर दिसणारी, कंबर बारीक केलेली आणि कातडी गुळगुळीत केलेली छायाचित्रेही ‘संपादित’ अशी पट्टी लावून जाहीर करायला लावावीत, म्हणजे कोवळ्या वयातील मुलींच्या मनावरचा त्यांचा दुष्परिणाम टळेल, अशी मागणी केली जाते. तिच्यावरचे उत्तरही ठरलेले असते: फोटो खरे नसतात हे आता शेंबड्या पोरालाही कळते, कायदे कशाला, मुलींना मन घट्ट करायला शिकवा.

हे दोन पक्ष एकमेकांचे विरोधक वाटत असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे. बघणारी व्यक्ती फसते आणि म्हणून दुखावते, असे दोघेही धरून चालतात. एक पक्ष तिला फसवणुकीतून सोडवण्याचे काम कायद्यावर सोपवतो, दुसरा तेच काम तिच्या अकलेवर. माझ्या मते हे गृहीतकच चुकीचे आहे. संपादित प्रतिमांनी होणारी हानी मुख्यतः मापाची आहे. शरीर कसे असावे याचे एक माप त्या ठरवून देतात, ते दिवसभर डोळ्यांसमोर नाचवतात, आणि चित्र खोटे आहे हे पक्के ठाऊक असूनही बघणारी व्यक्ती स्वतःला त्याच मापाने मोजत राहते. त्यामुळे पट्टीची मागणी वाईट नसली तरी जवळपास निरुपयोगी आहे. आणि तिच्यामुळे, शरीराची लाज वाटायला लावून माल विकणाऱ्यांकडचे लक्ष उडते, हा तिचा खरा तोटा आहे.

पट्टीचे प्रयोग इतरत्र झालेले आहेत. इस्रायलने २०१२ मध्ये कायदा करून, जाहिरातीतील मॉडेलचे शरीर संपादनाने बारीक केले असल्यास तसे नमूद करणे बंधनकारक केले आणि मॉडेलच्या वजनालाही खालची मर्यादा घातली. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून व्यावसायिक छायाचित्रात मॉडेलची शरीराकृती बदललेली असेल तर ते छायाचित्र ‘रिटच केलेले’ असल्याचे लिहावे लागते. न लिहिणाऱ्याला ३७,५०० युरो किंवा जाहिरातीवरील खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. नॉर्वेचा २०२१ चा कायदा जुलै २०२२ पासून लागू झाला आणि त्याने समाजमाध्यमांवर पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्यांनाही कक्षेत घेतले. या कायद्यांच्या बाजूने एक भक्कम युक्तिवाद आहे आणि तो मान्य केलाच पाहिजे: ग्राहकाला खरे काय ते कळण्याचा हक्क आहे. ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने २०११ मध्ये लॉरिआल समूहाच्या दोन जाहिराती बंद केल्या. एकीत ज्युलिया रॉबर्ट्स होती, दुसरीत क्रिस्टी टर्लिंग्टन, आणि दोन्हींत दिसणारी कांती प्रसाधनाची की संगणकाची हे कंपनीला दाखवून देता आले नाही. क्रीमची किमया म्हणून संगणकाची किमया विकणे ही सरळ लबाडी आहे. तेथे पट्टीही पुरेशी नाही, बंदीच हवी. पण हा प्रश्न क्रीमच्या गुणाचा झाला. त्या जाहिरातीकडे पाहून आपल्या गालावरच्या डागांची लाज वाटू लागलेल्या मुलीचा प्रश्न त्याने सुटत नाही, कारण क्रीम अगदी गुणकारी निघाले असते तरी ती लाज तशीच राहिली असती.

पट्टी वाचून ती लाज कमी होते का? ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठात मारिका टिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच प्रश्नावर अनेक वर्षे प्रयोग केले. फॅशनच्या जाहिराती काहींना तशाच दाखवल्या, काहींना ‘हे छायाचित्र बदललेले आहे’ अशा सूचनेसह. सूचना वाचूनही स्वतःच्या शरीराविषयीची नाराजी कमी होत नाही, असेच त्यांना बहुतेक वेळा आढळले. नजर नेमकी कोठे जाते हे टिपणाऱ्या एका प्रयोगात तर शरीराचा कोणता भाग बदलला आहे हे सांगणाऱ्या सूचनेने बघणारीची नजर उलट त्याच भागाकडे वळवली. ‘कंबर बारीक केली आहे’ असे वाचले की डोळे आधी कंबरेवर जाणार, आणि मग आपल्या कंबरेवर. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. तुलना ही विचार करून काढलेली अनुमाने नव्हेत. ती मनात उमटून जाते, आणि विवेक तिच्या मागून, धापा टाकत येतो. ‘डव्ह’ने २००६ मध्ये एक जाहिरातपट काढला होता. त्यात एका साध्या मुलीचा चेहरा रंगभूषा, प्रकाशयोजना आणि संगणक यांच्या मदतीने फलकावरच्या सुंदरीत कसा बदलतो हे झपाट्याने दाखवले होते. जगभर तो पाहिला गेला, २००७ मध्ये कान्सच्या जाहिरात महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिके मिळाली. फोटो कसे घडवले जातात हे गुपित त्यानंतर कोणासाठी उरले? तरीही त्या ज्ञानाने एखाद्या पिढीची आरशासमोरची कुचंबणा थांबली, असे कोणाला म्हणता येईल? (हा जाहिरातपट काढणारी युनिलिव्हर त्याच काळात आपल्या भारतीय कंपनीमार्फत ‘फेअर अँड लव्हली’ विकत होती, ही गोष्ट वेगळीच.)

पट्टीचे समर्थक येथे सिगारेटच्या पाकिटाचे उदाहरण देतात. इशारा आधी छोटा होता, २०१६ पासून तो चित्रासह पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आला, आणि लोकांना शहाणपण आले. मग फोटोंच्या बाबतीत असे का होऊ नये? तुलना सुचणे स्वाभाविक आहे, पण ती टिकत नाही. तंबाखूचा इशारा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीविषयी असतो: आज ओढलेल्या धुराचा वीस वर्षांनी होणारा कर्करोग. संपादित फोटोवरची पट्टी मात्र बघणाऱ्याला आधीच ठाऊक असलेलेच सांगते. शिवाय तंबाखूच्या बाबतीत कायदा इशाऱ्यावर थांबला नाही. २००३ च्या कायद्याने जाहिरातींवर बंदी आली, अल्पवयीनांना विक्री करण्यावर बंदी आली, २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यावरची बंदी कडक झाली, आणि कर वाढत राहिले. इशारा हा या साऱ्या बंदोबस्तातला एक भाग होता. एकट्या इशाऱ्याची ताकद किती असते हे पाहायचे असेल तर चित्रपटात नायकाने सिगारेट पेटवली की पडद्याच्या कोपऱ्यात उमटणारी ओळ शेवटची कधी वाचली, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

विरोधी बाजूचा सर्वांत बळकट आक्षेप वेगळाच आहे. प्रतिमांमुळे खरोखर हानी होते याला पुरावा काय, असे ते विचारतात. दुःखी मुली अशी चित्रे जास्त पाहत असतील, चित्रांनी त्या दुःखी झाल्या हे कशावरून? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. फिजी बेटांवरील नाद्रोगा भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी आली. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेने तेथील शाळकरी मुलींची पाहणी टीव्ही आल्यावर लगेच आणि पुन्हा १९९८ मध्ये केली. त्या समाजात भरदार बांधा चांगला मानला जाई. आपल्या माणसांनी नीट खाऊपिऊ घातले, काळजी घेतली, याची ती खूण होती. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी पहिल्या पाहणीत नव्हती. तीन वर्षांनी हे प्रमाण ११.३ टक्के झाले होते, आणि ७४ टक्के मुलींना आपण कधी ना कधी फार जाड आहोत असे वाटत होते. मुलींची संख्या लहान होती, दोन्ही वेळच्या मुली वेगळ्या होत्या, आणि त्या काळात बेटावरचे जगणे इतरही अंगांनी झपाट्याने बदलत होते. तेव्हा सारा दोष टीव्हीच्या माथी मारणे योग्य नाही. तरीही या अभ्यासातली एक गोष्ट आपल्या वादासाठी निर्णायक आहे. १९९५ ची टीव्ही मालिका चित्रागणिक फोटोशॉप केलेली नव्हती. तिच्यातल्या नायिका हाडामांसाच्याच होत्या. हजारोंतून निवडलेल्या, रंगवलेल्या, प्रकाशात उभ्या केलेल्या, पण खऱ्या. फ्रान्सचा आजचा कायदा त्या वेळी फिजीत असता, तर त्या पडद्यावर एकही पट्टी लागली नसती.

दुसरा पुरावा खुद्द धंदेवाल्यांच्या घरातून बाहेर आला. फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगेन यांनी कंपनीतून बाहेर काढलेल्या कागदपत्रांच्या आधारे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध केले की, दर तीन किशोरींपैकी एकीच्या बाबतीत शरीराविषयीचा त्रास इन्स्टाग्राम वाढवते, असे कंपनीच्याच अंतर्गत सादरीकरणात म्हटले होते. कंपनीने खुलासा केला. हा आकडा सर्व मुलींचा नसून आधीच असा त्रास असलेल्या मुलींचा आहे, आणि एकटेपणा, चिंता यांसारख्या इतर ११ बाबतींत असा त्रास असलेल्या किशोरींचा अनुभव तसा नव्हता, असे तिचे म्हणणे होते. हा खुलासा मी अक्षरशः खरा मानतो. मग त्याचा अर्थ काय होतो? विचारलेल्या १२ बाबींपैकी जी एकच उलटी निघाली, ती शरीराची. आणि त्रास वाढला तो नेमका ज्यांना आधीपासून तो होता त्यांचा. दम्याच्या रोग्याला धूर जास्त बाधतो म्हणून कोणी चिमणीला निर्दोष ठरवत नाही.

“हे सगळे पूर्वीपासून चालत आले आहे” हा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो, कारण त्यात तथ्य आहे. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला, आणि तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी घरोघरी लागल्या. एकाच धाटणीचे गोरे, रेखीव, भरल्या अंगाचे देवीरूप त्या तसबिरींनी लाखो भिंतींवर नेले. छायाचित्रांतली कारागिरीही तितकीच जुनी आहे. म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल याने १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात एकाच व्यक्तीचे दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले, एक जसाच्या तसा आणि एक निगेटिव्हवर हात फिरवलेला, आणि बघणारे थक्क झाले. आपल्याकडे तालुक्याच्या गावच्या स्टुडिओतही टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवर ‘टचिंग’ होत असे. देवीच्या रोगाचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळे, सुरकुत्या तेथेच गडप होत. मग आताच एवढा गहजब कशासाठी?

फरक आहे, आणि तो तंत्राच्या प्रगतीत नाही. लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलेला सिद्धांत असा की, माणूस स्वतःचे मोल ठरवताना आपल्यासारख्यांशी तुलना करतो. फार दूरच्यांशी करत नाही. देव्हाऱ्यातली लक्ष्मी फार दूरची होती. तिच्यासारखे दिसावे अशी अपेक्षा कोणत्याही सुनेकडून कोणी केली नाही, निदान तोंडावर तरी नाही. स्टुडिओतल्या फोटोचे वेगळे होते, तो तर ओळखीच्या मुलीचाच असे. पण स्थळासाठी धाडलेल्या त्या फोटोवर वरपक्षाचा पुरता विश्वास कधीच नव्हता. म्हणून तर कांदेपोह्यांचा कार्यक्रम होत असे. त्या प्रथेत मुलीची जी मानहानी होई तिचे समर्थन करायचे नाही, पण समाजाने छायाचित्रातून काही टक्के वजा करण्याची सवय लावून घेतली होती, कारण आज ना उद्या ती व्यक्ती समोर येणार होती. आजच्या पडद्यावर वर्गमैत्रीण आहे, मावसबहीण आहे, शेजारच्या सोसायटीतली मुलगी आहे, सगळ्या आपल्यासारख्याच, आणि सगळ्या फिल्टरमधून आलेल्या. त्यांच्यातल्या बहुतेकींची समोरासमोर गाठ पडत नाही, पडली तरी रोजच्या साठ-सत्तर फोटोंपुढे त्या एका भेटीचा टिकाव लागत नाही. देवी दूर होती, स्टुडिओतला फोटो आयुष्यात एखाद-दुसरा होता. जवळीक आणि वारंवारता ही दोन्ही एकत्र आली ती आता.

त्यातही खरोखरच नवीन आहे ते स्वतःच्याच संपादित चेहऱ्याशी तुलना करणे. बोस्टन विद्यापीठातील त्वचारोगतज्ज्ञांनी २०१८ मध्ये लिहिलेल्या एका टिपणात नोंदवले की, पूर्वी शस्त्रक्रियेसाठी येणारे लोक एखाद्या नटीचा फोटो घेऊन येत, आता ते फिल्टर लावलेला स्वतःचा फोटो आणतात. नटीसारखे नाक आपले नाही, याची समजूत घालता येते. पण ‘हा तर माझाच चेहरा, थोडा नीट केलेला’ असे म्हणणाऱ्याची समजूत कशी घालणार? येथे कोणती पट्टी लावायची? संपादन करणारी तीच, बघणारी तीच. फिल्टर म्हणजे गंमत आहे, डिजिटल काजळ-पावडर आहे, कोड किंवा मुरुमांचे डाग असलेल्या मुलीला त्याने चार लोकांत वावरायचा धीर येतो, हेही खरे आहे आणि तिच्याकडून तो हिरावून घेण्याचा अधिकार कोणाला नाही. मात्र स्वतः निवडून फिल्टर लावणे आणि फोनचा कॅमेरा उघडताच तो आधीच लागलेला असणे यांत मोठे अंतर आहे. गूगलने ऑक्टोबर २०२० मध्ये आपल्या पिक्सेल फोनवरचे चेहरा सुधारण्याचे साधन मुळात बंद ठेवण्याचे आणि त्याच्या वर्णनातून ‘सौंदर्य’ वगैरे शब्द काढून टाकण्याचे ठरवले. टिकटॉकने २०२४ च्या अखेरीस १८ वर्षांखालील मुलांसाठी चेहऱ्याची ठेवण बदलणाऱ्या फिल्टरांवर मर्यादा आणण्याचे जाहीर केले. हे उपाय आकाशाला गवसणी घालणारे नाहीत. पण ते बघणाऱ्याला शहाणपण शिकवत बसत नाहीत, कळ कोणाच्या हातात आहे तेथे जातात.

आता घराकडे वळायला हवे, कारण “जाहिरातींना कशाला बोल लावता, आपली माणसे काय कमी आहेत?” हा टोमणा वर्मी लागणारा आहे. ‘गोरी, सडपातळ, सुस्वरूप वधू पाहिजे’ हे छापणारी वर्तमानपत्रे फोटोशॉपच्या कितीतरी आधीची. बाळंतिणीच्या खोलीत डोकावून आधी बाळाचा रंग पाहणारी आत्या कोणत्याही जाहिरात संस्थेच्या पगारावर नसते. ‘फेअर अँड लव्हली’ १९७५ मध्ये बाजारात आली तेव्हा तिला हे वेड निर्माण करावे लागले नाही, ते आयते मिळाले. पण यातून निघणारा निष्कर्ष माझ्या विरोधकांना वाटतो त्याच्या उलट आहे. आत्याच्या शेऱ्याला घराबाहेर वजन देतो तो बाजार. ती बोलून जाते. तेच वाक्य वर्षानुवर्षे, नोकरी मिळाली नाही, नवरा मिळाला नाही, अशा गोष्टींत गुंफून, पैसा ओतून रोज ऐकवले जाते तेव्हा त्या शेऱ्याचे सामाजिक सत्य होते. आणि बाजाराची कळ फिरवता येते, याचेही उदाहरण आहे. विवाह जुळवणाऱ्या ‘शादी डॉट कॉम’वर त्वचेच्या रंगावरून स्थळे निवडण्याची सोय होती. जून २०२० मध्ये परदेशातील भारतीय वंशाच्या स्त्रियांनी आवाज उठवल्यावर ती काढून टाकण्यात आली. लोकांच्या मनातला रंगभेद त्याने गेला नाही, हे उघड आहे. पुढच्याच महिन्यात ‘फेअर अँड लव्हली’चे नाव ‘ग्लो अँड लव्हली’ करण्याचे जाहीर झाले, त्यानेही तो गेला नाही. तरी एक चाळणी गेली, आणि ती ‘वापरकर्त्याने सावध राहावे’ अशी सूचना चिकटवून गेली नसती.

मुलग्यांचे नाव या वादात क्वचितच निघते. व्यायामशाळेच्या दारावरच्या फलकावरचा देह अनेकदा संपादित नसतोही: दोन दिवस पाणी तोडलेले, फोटोआधी डंबेल मारून फुगवलेले स्नायू, वरून पडणारा प्रकाश, आणि कधीकधी स्टेरॉइड. संगणकाचा स्पर्शही नाही, म्हणून पट्टीही नाही. सोळा वर्षांच्या मुलाने त्या देहाच्या ओढीने काय काय पोटात ढकलावे हे मात्र त्या फलकावर ठरते.

मग कायद्याने बघायचे ते काय? आपल्याकडे याची सुरुवात फार पूर्वी झालेली आहे. औषधे व जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा १९५४ चा केंद्रीय कायदा पाहिला तर त्याच्या परिशिष्टात कर्करोग, मधुमेह यांच्या जोडीला स्थूलपणा, माणसाची उंची आणि स्तनांचा आकार याही गोष्टी आहेत. त्यांवर औषध देतो अशी जाहिरात करणे गुन्हा ठरवले गेले. शरीराविषयीची लाज ही भोंदूंची शेतजमीन आहे, हे संसदेला फार पूर्वीच दिसले होते. २०२० च्या सुधारणा मसुद्यात त्या यादीत त्वचेचा गोरेपणा घालण्याचा प्रस्ताव आला, तो याच विचाराचा पुढचा टप्पा. पण हा कायदाही औषधाच्या खोट्या वचनापाशी थांबतो. लाज निर्माण करण्याला तो हात लावत नाही.

तेथे हात लावायचा म्हटले की लगेच विचारले जाते: कोणत्या चित्राने लाज वाटते हे ठरवणार कोण? उद्या कोणी नाजूक मनाचा अधिकारी प्रत्येक सुंदर चेहऱ्यावर बंदी घालील. सेन्सॉरशिपची ही भीती मला पोकळ वाटत नाही. या देशात ती पोकळ कधीच नव्हती. म्हणून नियम सौंदर्याविषयी नको, कथानकाविषयी हवा, आणि तो तसा लिहिता येतो. जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमन संस्थेने, म्हणजे ॲस्कीने, २०१४ मध्ये गोरेपणाच्या उत्पादनांसाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सावळ्या व्यक्तीला अनाकर्षक, दुःखी, निराश किंवा चिंताग्रस्त दाखवू नये. रंगामुळे तिला नोकरीत, लग्नात, बढतीत अपयश आल्याचे सूचित करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. हे तपासायला ना सौंदर्यशास्त्र लागते ना मानसशास्त्र. जाहिरात एकदा पाहिली की पुरे. या तत्त्वांचा दोष एवढाच की ती रंगापुरती आहेत, आणि संस्थेचे बळ नैतिक वजनापलीकडे फारसे नाही. २०२१ पासून समाजमाध्यमांवर पैसे घेऊन बोलणाऱ्यांनाही ॲस्कीने आपल्या चौकटीत आणले आहेच. रंगासाठी जे लिहिले तेच वजन, उंची, टक्कल, मुरुमांचे डाग आणि स्नायूंसाठी लिहावे, आणि वारंवार नियम मोडणाऱ्याला ग्राहक संरक्षण कायद्याखाली दंड व्हावा. त्यासाठी मूळ फोटो आणि छापलेला फोटो शेजारी ठेवून कोणत्या रेषा हलवल्या, हे शोधत बसायची गरज कोणालाही पडणार नाही.